एल्डन प्रुएटचं कायोटी-पंचांग

एल्डन प्रुएटने एकतीस वर्षं काउंटीचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवला आणि त्या एकतीस वर्षांत त्याला कोणी काही विचारलं नाही. रस्ता मोकळा झाला की लोक आपापल्या वाटेने निघून जात. मग तो निवृत्त झाला आणि त्याला सगळं कळायला लागलं.

वायोमिंगच्या त्या पठारावर माणसं थोडी, मेंढ्या फार, आणि मेंढ्यांवर जगणारे कायोटीही फार. कायोटी म्हणजे अक्कल कोल्ह्याची आणि भूक लांडग्याची. त्याला मारायची तिथली रीत साधी. पहाटे दगडाआड बसायचं, पिपाणीतून मरणाऱ्या सशाचा टाहो काढायचा, आणि आयता घास मिळतोय असं वाटून तो पुढे आला की गोळी घालायची. गावातली निम्मी माणसं हे काम करत आणि कोणी त्याचा गवगवा करत नसे.

एल्डननेही ते सुरू केलं. पहिल्या दोन हिवाळ्यांत पदरात पडलं ते धरलेले गुडघे आणि एक चिवट खोकला. तिसऱ्या हिवाळ्यात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना, त्याची सशाची पिपाणी गोठून बसली. नाइलाजाने त्याने दुसरी काढली, कोल्हेकुई करणारी. ती वाजवल्याबरोबर टेकाडामागून दोन दांडगे नर भांडायच्या तयारीने धावत आले. एक त्याने पाडला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती. पण एल्डनने कावळ्याचं वजन केलं, फांदीची जाडी मोजली आणि शास्त्र लिहिलं.

शास्त्र असं. पौर्णिमेला रात्रभर लख्ख उजेड, त्यामुळे कायोटी पोटभर जेवलेला. सकाळी त्याला सशाचं काय कौतुक? तेव्हा पोटाला नव्हे, मानाला डिवचायचं: कोल्हेकुई. अमावास्येला काळोखात त्याला काही गवसलेलं नसतं, तेव्हा ससा. द्वितीया-तृतीयेला उंदीर. शुक्ल सप्तमीला जखमी सुतारपक्षी. कृष्ण एकादशीला पिल्लाचं केकाटणं. चंद्राच्या एकेका कलेला एकेक आवाज, असा अठ्ठावीस घरांचा तक्ता त्याने रेघा मारून तयार केला, प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतला आणि मर्ल स्टॉडार्डच्या पशुखाद्याच्या दुकानात मिठाच्या ढेपांच्या वर टांगला. खाली दर सोमवारी तो त्या आठवड्याचा कार्यक्रमही लिही: कोणत्या पहाटे, कोणत्या कड्यावर, कोणती पिपाणी.

"म्हणजे कोणी मध्ये कडमडायला नको," तो मर्लला म्हणाला.

कोणी कडमडलं नाही.

घरी रियाज चाले तो नाश्त्याच्या टेबलावर. बायको वॅनिटा शांत स्वभावाची. पण अंडं तव्यात फोडताना पाठीमागे ससा मरायला लागला की तिचाही हात चुके. कुत्रा कपडे धुण्याच्या यंत्रामागे जाऊन बसे.

"एल्डन, तो ससा एकदाचा मरू दे रे बाबा."

"हा ससा नाही. हा तृतीयेचा उंदीर आहे."

"मग तृतीयेला परसात जाऊन वाजव."

पंचांग लावल्यापासून दोन हिवाळ्यांत त्याला तीन कायोटी मिळाले. त्यातला एक त्याच्या ट्रकखाली आला होता. पण आला तो बरोबर पंचमीलाच, हे तो आवर्जून सांगे. बाकीच्या दिवशी काही मिळालं नाही तर तो शास्त्राचा दोष नसे. ढग आडवे आले. चंद्राला खळं पडलं होतं. आयडाहोतल्या वणव्याचा धूर वर चढला होता. नाचता येईना त्याचं अंगण वाकडं असतं. एल्डनचं आकाशच वाकडं होतं. गावाने त्याचं नाव 'चांदोबा' ठेवलं. त्याला तो मान वाटला.

कड्यांच्या पूर्वेला डॉमिनिका एचेपारेची मेंढरं चरत. तिचे आजोबा समुद्रापलीकडच्या बास्क मुलखातून मेंढ्या राखायला आले ते इथलेच झाले. नवरा वारल्यापासून नऊशे मेंढ्यांचा खटाला ती एकटीच ओढत होती. ती एल्डनच्याच वर्गातली. शाळेत असल्यापासून कमी बोलणारी आणि बोललीच तर मोजून मापून बोलणारी. तिच्याकडे पिपाणी नव्हती. एकही नाही. तरी सलग दोन वर्षं मेंढपाळ संघाचं बक्षिसाचं पितळी बक्कल तिच्या पट्ट्याला लागलं होतं, कारण हिवाळ्यात तीसेक कायोटी ती पाडायचीच. गुपित विचारलं की ती म्हणे, "कॉफीचा थर्मास, आणि तोंड बंद."

पण एल्डनला खरं गुपित ठाऊक होतं. दर सोमवारी डॉमिनिका दुकानात येई, चष्मा लावी, तक्त्यापुढे उभी राही आणि खाद्याच्या पोत्याच्या कागदावर काहीतरी टिपून नेई. हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा नव्हे, चार वेळा.

तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागेनात. "डॉमी माझी शिष्या आहे," तो पेट्रोल पंपावर सांगे, न्हाव्याकडे सांगे, दातांच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असतानाही सांगे. फेब्रुवारीत मेंढपाळ संघाचं वार्षिक जेवण जवळ आलं, आणि बक्कल तिसऱ्यांदा डॉमिनिकालाच मिळणार हे पक्कं झालं. त्याने तिला दुकानाच्या दारातच गाठलं.

"डॉमी, बक्कल घेताना दोन शब्द बोल. माझ्या पंचांगाबद्दल."

तिने खाद्याचं पोतं ट्रकमध्ये फेकलं. "कशाला?"

"तू वापरतेस ना ते?"

"वापरते."

"उपयोग होतो ना?"

"फार होतो."

"मग तेवढंच सांग! मी काय खोटं बोल म्हणतोय?"

"एल्डन," ती म्हणाली, "राहू दे. जेवण चांगलं असतं. जेवू आणि घरी जाऊ."

तिचा हा विनय पाहून त्याला भरून आलं.

जेवणाला दोनशे माणसं होती. भाजलेलं कोकरू, घेवड्याची उसळ, पाव, आणि वर लाल वाइन. अध्यक्षांनी डॉमिनिकाच्या हातात बक्कल दिलं. एल्डन नवा शर्ट घालून पुढच्याच टेबलावर बसला होता, वॅनिटा शेजारी.

डॉमिनिका ध्वनिक्षेपकापुढे उभी राहिली. "एल्डन प्रुएटचं पंचांग नसतं तर मला हे मिळालं नसतं," ती म्हणाली. "आभार." आणि वळली.

टाळ्या पडल्या. इथे थांबला असता तर एल्डन त्या जिल्ह्यात मरेपर्यंत थोर माणूस म्हणून राहिला असता. पण हात दाखवून अवलक्षण करून घेणं काहींच्या रक्तातच असतं.

"अगं, कसं ते सांग!" तो बसल्या जागेवरून ओरडला. "पद्धत सांग! लोकांना कळू दे!"

"नको, एल्डन."

"सांग, सांग! लाजतेस काय!"

डॉमिनिकाने वॅनिटाकडे पाहिलं. वॅनिटाने हताशपणे खांदे उडवले. मग डॉमिनिका परत फिरली.

"बरं. तक्त्यावर लिहिलेलं असतं, गुरुवार, साडेसहा, पश्चिमेचा कडा. एल्डन वेळेवर येतो. सरकारी नोकरीची शिस्त. ट्रकचं दार आपटतो. वारा आपल्याकडे पश्चिमेचा. तो वाऱ्याकडे पाठ करून बसतो. त्यामुळे त्याची कॉफी, त्याची तंबाखू आणि दाढीनंतर तो जे काही चोपडतो ते, असं सगळं कड्याखालच्या घळीतल्या कायोट्यांना आधीच पोचतं. मग तो वाजवतो. वाजवतो अगदी जीव ओतून, हे मी म्हणेन. तेवढ्यात घळीतले होते नव्हते ते सगळे कायोटी पूर्वेच्या तोंडाने बाहेर पडतात. पूर्वेच्या तोंडाशी मी बसलेली असते."

मग मागच्या टेबलावर कोणाच्या तरी नाकातून वाइन आली, आणि सगळं सभागृह कोसळलं. म्हातारे मेंढपाळ टेबलावर मुठी आपटत होते. अध्यक्ष डोळे पुसत होते.

"आणि चंद्र?" मर्ल स्टॉडार्ड ओरडला. "डॉमी, चंद्राचं काय?"

"चंद्र छान असतो," डॉमिनिका म्हणाली आणि खाली उतरली.

दोनशे माणसं हसली ते एल्डनने एक वेळ सोसलं असतं. पण शेजारी वॅनिटा रुमालात तोंड खुपसून गदगदा हलत होती, ते त्याच्या काळजाला झोंबलं. घरी जाताना तो पूर्ण वाटभर बोलला नाही. वॅनिटा मात्र दर दोन मैलांनी खिडकीकडे तोंड करून खोकल्यासारखं करत होती.

सोमवारी त्याने तक्ता उतरवला. मर्लने त्या जागी मेंढ्यांच्या खुरांच्या औषधाची जाहिरात लावली. बावीस पिपाण्या बुटांच्या खोक्यात गेल्या, खोकं गॅरेजमध्ये गेलं, आणि एल्डन टीव्हीसमोर जाऊन बसला. वॅनिटाला पहिला आठवडा स्वर्गासारखा वाटला. दुसऱ्या आठवड्यात तो तिला भांडी घासायची शास्त्रशुद्ध रीत सांगायला लागला.

मार्च गेला. एप्रिलमध्ये मेंढ्या व्यायला लागल्या. एका दुपारी डॉमिनिकाचा ट्रक दारात थांबला. तिच्या हातात लोखंडी भांड्यात भाजलेला गरगरीत पाव होता आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"एल्डन, तू वाजवत का नाहीस?"

"कशाला वाजवू? टिंगल करून घ्यायला?"

"नऊ दिवसांत अकरा कोकरं गेली माझी. काल एक अर्धवट खाल्लेलं सापडलं, ते जिवंत होतं." ती खुर्चीत टेकली. "घळीत बीळ आहे त्यांचं. मी पूर्वेला बसते, पण त्यांना आतून हुसकायला कोणी नाही. भावाच्या पोराला पाठवला, तो आरडाओरडा करत गेला. ते जागचे हलले नाहीत. त्यांना तुझीच सवय आहे."

"म्हणजे मी बुजगावणं."

"बुजगावणं नव्हे रे. बुजगावण्याला ते घाबरत नाहीत."

वॅनिटाने पाव कापता कापता सुरी थांबवली. "एल्डन, उठ."

"वॅनिटा, तू मध्ये पडू नकोस."

"भांडी कशी घासायची ते मी महिनाभर ऐकतेय. उठ आणि खोकं आण."

तो उठला नाही, पण पायांची अढी सुटली. त्याने आढ्याकडे बघत विचारलं, "कोणती वाजवू?"

"कोणतीही," डॉमिनिका म्हणाली.

हे त्याला जेवणातल्या भाषणापेक्षाही जास्त लागलं. "कोणतीही कशी? उद्या शुक्ल सप्तमी. मध्यरात्रीनंतर चंद्र मावळणार. पहाटेपर्यंत ते अर्धपोटी. सप्तमीला सुतारपक्षी."

"वीस मैलांत झाड नाही, एल्डन. सुतारपक्षी काय खातो इथे, खडक?"

"शास्त्रात सुतारपक्षी आहे."

"मग सुतारपक्षी. घरची तुतारी आणलीस तरी माझी हरकत नाही. आणि बंदूक घरी ठेव. मी खाली समोर असणार. चुकून मला मारशील आणि म्हणशील, तिथी चांगली होती."

दुसऱ्या दिवशी फटफटायला लागलं तेव्हा एल्डन पश्चिमेच्या कड्यावर बसला होता. बंदूक नाही, त्यामुळे हात रिकामे वाटत होते. दार त्याने नेहमीप्रमाणे आपटलं होतं. तेच तर त्याचं काम होतं आता. वारा मात्र नव्हता. त्या पठारावर वारा नसणं म्हणजे सासरी कौतुक होण्यासारखं, वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी. सेजची झुडपं स्तब्ध उभी होती. त्याने पिपाणी तोंडाला लावली आणि पंख मोडलेला सुतारपक्षी जितका कळवळेल तितका तो कळवळला.

पाच मिनिटं काही नाही. मग घळीच्या काठावर एक कान वर आला. मग दुसरा.

ती मादी होती. हिवाळ्याचे केस गळून अंगावर ठिगळं पडलेली, पोट लोंबतं, आचळं भरलेली. ती पळाली नाही. वर आली, दहा-बारा पावलांवर थांबली, आणि चक्क बसली. मान एकदा डावीकडे कलवून, एकदा उजवीकडे कलवून ती त्याच्याकडे बघू लागली.

एल्डनच्या मनात पहिल्यांदा आलं ते बंदुकीचं. दुसऱ्यांदा आलं, थांबलो तर जाईल. म्हणून तो वाजवत राहिला. ओठ बधिर झाले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी वाजवत राहिला. सुतारपक्षी झाला, मग त्याला कळायच्या आत ससा आला, मग ससा आणि पक्षी यांच्या मधलं काहीतरी, जे कोणत्याही तिथीला नव्हतं. ती ऐकत होती. इतकी वर्षं तो बोलत आला होता, पण समोरचं कोणी इतकं लक्ष देऊन बसलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. वॅनिटासुद्धा नव्हे. लग्नाआधीसुद्धा नव्हे.

खाली पूर्वेला एक बार झाला. लागोपाठ दुसरा. मादी उठली, एकदा अंग झटकलं, आणि घाई नसल्यासारखी झुडपांत गेली.

तो कडा उतरला तेव्हा धापा टाकत होता. डॉमिनिकाच्या ट्रकजवळ दोन नर पडले होते.

"डॉमी! माझ्याकडे आली होती! मादी! समोर बसली! दहा मिनिटं!"

"हो का," डॉमिनिका म्हणाली आणि एका नराची तंगडी धरली. "धर तिकडून."

तासाभरात तो मर्लच्या दुकानात होता. तिथे सकाळच्या कॉफीला पाच-सहा जण जमलेले असत. त्याने सगळं सांगितलं, हातवाऱ्यांसकट. मादीची मान कशी कलली तेही करून दाखवलं.

"बसली?" मर्ल म्हणाला. "खुर्ची दिलीस का?"

"कॉफी विचारायची होतीस."

"चांदोबा, शेवटी टाळ्या वाजवल्या का तिने?"

"अरे देवाशपथ खरं सांगतोय!"

"बंदूक होती तेव्हा दोन हिवाळ्यांत तीन, आणि बंदूक नसली की मांडीवर येऊन बसतात. बरोबर आहे, त्यांनाही कळतं कोण निरुपद्रवी आहे ते!"

त्याचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात डॉमिनिका आत आली, लसीच्या बाटल्या घ्यायला. एल्डन तिच्याकडे धावला. "डॉमी, तूच सांग! तू खाली होतीस. वरचा कडा तुला सरळ दिसतो!"

डॉमिनिकाने बाटल्यांवरची तारीख वाचली.

"माझं लक्ष घळीकडे होतं," ती म्हणाली. "मला काही दिसलं नाही."

पुन्हा हशा उसळला. एल्डन बाहेर आला आणि ट्रकला टेकून उभा राहिला. याआधी दोन वर्षं त्याने जे सांगितलं त्यातलं निम्मं फुगवलेलं होतं आणि उरलेलं निम्मं चुकीचं. ते लोकांनी निदान ऐकून घेतलं होतं. आज तो खरं बोलला होता, तर सगळ्यांनी मिळून त्याला खुळ्यात काढलं.

डॉमिनिका बाटल्या घेऊन बाहेर आली, त्यांचं खोकं तिने पुढच्या सीटवर नीट ठेवलं, दार लावलं आणि त्याच्यापाशी आली.

"बसली होती," ती हळूच म्हणाली. "दुर्बिणीतून पाहिली. बसली होती आणि तू गाल फुगवून वाजवत होतास. मी गोळी घालणार होते, पण तू मागेच होतास."

"मग आत का नाही बोललीस?"

"आत बोलले असते तर उद्या तक्ता परत लागला असता. परवा तू बंदूक घेऊन वर गेला असतास, वारा बघून, गुपचूप, दार न आपटता. मग माझ्या घळीतून कोण हुसकणार? माझी अजून तीनशे मेंढरं व्यायची आहेत."

"म्हणजे मेंढ्यांसाठी तू मला खोटा पाडलास."

"हो," डॉमिनिका म्हणाली. त्यात तिला लाज वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं.

रागवावं की हुरळून जावं हे त्याला ठरवता येईना. राग खरा होता. पण तिने पाहिलं होतं, हेही खरं होतं. शेवटी त्याने आवाज खाली आणून विचारलं, "किती वेळ बसली होती गं? घड्याळ बघितलंस का?"

"चारेक मिनिटं."

"मी दहा सांगितली."

"म्हणून तर कोणी विश्वास ठेवला नाही." तिने ट्रकमध्ये चढून किल्ली फिरवली. "उद्या सहाला. दक्षिणेचा कडा. त्या मादीची पिल्लं तिथेच आहेत, असं मला वाटतं."

एल्डनने खिडकीच्या काठावर हात ठेवला. "तिला मारणार तू?"

"कोकरं खाते ती, एल्डन."

त्याने हात काढला नाही. डॉमिनिकाने क्षणभर वाट पाहिली, मग गाडी हळूच मागे घेतली, तेव्हा त्याला हात काढावाच लागला.

दुसऱ्या दिवशी सहाला तो दक्षिणेच्या कड्यावर हजर होता. नोकरीची शिस्त. अष्टमी होती आणि अष्टमीला उंदीर. त्याने दार जोरात आपटलं, पुन्हा उघडलं आणि आणखी जोरात आपटलं. मग तिसऱ्यांदा आपटलं. हॉर्न दाबला. खाली पूर्वेला डॉमिनिका त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असणार हे त्याला न ऐकताही कळत होतं. पण घळीतून तीच ठिगळं पडलेली मादी पश्चिमेकडे, जिथे कोणीच बसलेलं नव्हतं तिथे, तोंडात पिल्लू धरून पळत गेली, ती त्याने पाहिली. मग तिने परत येऊन दुसरं नेलं. तिसरं नेलं. तोवर एल्डनचा हात हॉर्नवरच होता.

"काय झालं काय तुला?" नंतर डॉमिनिका रागाने लाल होऊन कड्यावर चढून आली. "हे काय वाजवत होतास?"

"अष्टमी," एल्डन म्हणाला. "शास्त्रात तसंच आहे."